फोर्कलिफ्टचं ट्रेनिंग अर्ध्या तासात कसं उरकावं

सगळ्यात आधी हजेरीचा कागद फिरवा. सह्या झाल्या की निम्मं ट्रेनिंग झालंच, उरलेलं निम्मं म्हणजे ग्रुप फोटो. मधल्या वेळात एखादा व्हिडिओ लावून द्या, भाषा कुठलीही चालेल, लाल फुली म्हणजे चूक एवढं सगळ्यांना कळतंच.

नवीन पोराला कार येते ना? मग बसवा. फोर्कलिफ्ट मागच्या चाकांनी वळते, त्यामुळे वळताना मागचा बोजड भाग बाहेर फिरतो, हे आधीच सांगून मजा कशाला घालवायची, रॅकचा खांब सांगेल की.

मशीनवर क्षमतेची प्लेट असते, तिचा उपयोग हातमोजे वाळत घालायला. २५०० किलो लिहिलंय ना, मग उचला २५०० किलो. ते वजन ५०० मिमी लोड सेंटरला, म्हणजे मालाचा मध्य फोर्कच्या (पुढच्या उचलायच्या पात्यांच्या) बुडापासून तेवढ्या अंतरावर असताना धरलेलं असतं, पॅलेट लांब असलं की मशीनची ताकद कमी होते वगैरे गोष्टी ज्यांना काम नाही त्यांच्यासाठी. मागची चाकं उचलायला लागली तर घाबरायचं नाही, दोन जाडजूड माणसं काउंटरवेटवर, म्हणजे मागच्या त्या बोजड वजनावर, उभी करायची. आणि हो, त्यांना घट्ट धरायला सांगा, सेफ्टी म्हणजे सेफ्टी.

फोर्क जमिनीपासून १०-१५ सेंमीवर ठेवून चालवा म्हणतात. छे, माल वर घेऊनच पळवा, तसाच वळवा. चाकं चार दिसतात पण तोल तीनच टेकूंवर असतो, पुढची दोन चाकं आणि मागच्या अ‍ॅक्सलचा मध्य, पण भूमिती शाळेतच संपली ना आपली. मालामुळे समोरचं दिसत नसेल तर रिव्हर्स घ्यायचा असतो म्हणे, पण त्यानं मान दुखते हो.

सीटबेल्ट मात्र नक्की लावा! आधी सीटच्या मागून नेऊन बक्कल अडकवा आणि मग त्याला टेकून आरामात बसा, बीप-बीप बंद. मशीन कलंडलं तर उडी मारू नका, स्टिअरिंग घट्ट धरून कलण्याच्या उलट बाजूला झुका, असं ट्रेनिंगवाले सांगतात, कारण उडी मारणारा बरोबर डोक्यावरच्या त्या लोखंडी छपराखालीच सापडतो. पण बेल्ट पाठीमागे असल्यावर माणूस सीटवर राहणार कसा हे कुणी विचारत नाही.

असं काही झालंच तर दुसऱ्याच दिवशी रिफ्रेशर ठेवा. कागद तोच, फक्त तारीख बदला. एक सही कमी भरेल, तिथे 'रजेवर' लिहा.