लिव्हरलेस घेतल्याने रँक वाढत नाही

स्ट्रीट फायटर ६ किंवा टेकन ८ हे मारामारीचे (फायटिंग) गेम नव्याने शिकणाऱ्या कुणीही "कंट्रोलर कोणता घेऊ?" असं विचारलं, की हल्ली त्याला एक तयार उत्तर मिळतं. ते साधारण असं: पॅडवर (दोन्ही हातांत धरायच्या साध्या कंट्रोलरवर) कुणी जिंकत नाही. सगळे प्रो (व्यावसायिक खेळाडू) लिव्हरलेसवर गेले. लिव्हरलेसमध्ये लॅग (बटण दाबल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर) नसतो, वर दोन दिशा एकदम दाबायचा फायदा फुकट मिळतो. आर्केड स्टिक घ्यायचीच असेल तर पहिल्या दिवशी चौकोनी गेट काढून अष्टकोनी बसवा. आणि बटणं प्रो लावतात तशीच लावा. हा मजकूर इतका फिरलाय की त्यातलं खरं किती, ऐकीव किती, हे आता कुणी बघतच नाही.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: आर्केड स्टिक म्हणजे मोठ्या डब्यावर दिशांसाठी दांडा (लिव्हर) आणि शेजारी बटणं असलेला कंट्रोलर; लिव्हरलेस म्हणजे तसाच, पण दांड्याऐवजी बटणं असलेला. डाव्या हाताच्या तीन बोटांखाली डावी, खाली आणि उजवी दिशा, उडीचं मोठं बटण अंगठ्याखाली. कॅलिफोर्नियाच्या हिट बॉक्स कंपनीने हा प्रकार लोकप्रिय केला. कंट्रोलर म्हणून तो उत्तमच आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही. भांडण आहे ते "हा नसेल तर सुरूच करू नका" या सुराशी. रेझर कंपनीचा किट्सुने हा लिव्हरलेस २०२३ मध्ये बाजारात आला तो जवळजवळ ३०० डॉलरला. म्हणजे कस्टम ड्यूटी धरायच्या आधीच पंचवीस हजारांच्या घरात. कॉलेजात शिकणारं पोरगं हा आकडा बघतं आणि गेमच सोडून देतं. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"पॅडवर कुणी जिंकत नाही"

जुलै २०१४, लास वेगास. फायटिंग गेमच्या इव्हो स्पर्धेत अल्ट्रा स्ट्रीट फायटर ४ चं विजेतेपद फ्रान्सच्या लुफीने मिळवलं, अंतिम फेरीत जपानच्या बोनचानला हरवून. त्याच्या हातात पहिल्या प्लेस्टेशनचा पॅड होता. अ‍ॅनालॉग स्टिक नाहीत, काही नाही, कन्व्हर्टर लावून जोडलेला जुना पॅड. पुढे स्ट्रीट फायटर बनवणाऱ्या कॅपकॉम कंपनीचा २०१९ चा कॅपकॉम कप अमेरिकेच्या आयडॉमने जिंकला, तोही पॅडवरच. आणि ब्रॉलीलेग्ज या नावाने खेळणारा माइक बेगम आठवा. जन्मजात आजारामुळे त्याचे हातपाय चालत नव्हते. तो साधा एक्सबॉक्सचा पॅड तोंडाने चालवायचा आणि स्ट्रीट फायटर ४ च्या ऑनलाइन क्रमवारीत चुन-ली या पात्राच्या सर्वोत्तम खेळाडूंत गणला जायचा. २०२४ मध्ये तो गेला. पॅडवर गंभीर खेळ होत नाही, असं लिहिणाऱ्याने त्याचे जुने सामने एकदा बघावेत.

पॅडची एक अडचण मात्र खरी आहे आणि ती या मजकुरात कुठेच नाही. स्ट्रीट फायटरला सहा बटणं लागतात: तीन पंच, तीन किक (दोन्हींत लाइट, मीडियम, हेवी). साध्या पॅडच्या दर्शनी भागावर चारच असतात. उरलेली दोन, म्हणजे हेवी पंच आणि हेवी किक, खांद्यावरच्या आर१ आणि आर२ वर जातात. आर१ हे टिचकीसरशी लागणारं बटण. आर२ हा ट्रिगर आहे, मुळात गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू दाबण्यासाठी केलेला. तो बराच आत गेल्यावर गेमला कळतं, आणि परत वर यायलाही वेळ घेतो. कॉम्बोमधली (सलग जोडलेल्या फटक्यांमधली) हेवी किक उशिरा पडते ती अनेकदा यामुळे, आणि खेळणाऱ्याला वाटतं आपलाच हात मंद आहे.

यावर पैसे न घालता करता येण्यासारखं पुष्कळ आहे. गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन कॉम्बोत वारंवार लागणारं बटण ट्रिगरवरून काढा आणि तिथे असं काहीतरी ठेवा, जे दाबून धरायचं असतं, उदाहरणार्थ ड्राइव्ह पॅरी (वार झेलायची चाल). दिशा देताना अ‍ॅनालॉग स्टिक वापरू नका, डी-पॅड (दिशांची चार बटणं) वापरा. अंगठा उचलून उचलून दाबण्यापेक्षा टेकलेला ठेवून कलवायला शिका, फोडही येत नाहीत. एवढं करूनही चार बटणं अपुरी वाटली तर दर्शनी भागावरच सहा बटणं असलेले पॅड मिळतात. होरीचा फायटिंग कमांडर त्यातलाच. जुन्या सेगा सॅटर्नच्या पॅडला याच मांडणीमुळे फायटिंग गेमवाले आजही मानतात.

"सगळे प्रो लिव्हरलेसवर गेले"

बरेच गेले, हे खरं. स्ट्रीट फायटरचे नामांकित जपानी खेळाडू दाइगो उमेहारा आणि टोकिडो गेले. पण टोकिडोने २०१७ चा इव्हो जिंकला तो लिव्हरवर, आणि दाइगोची कीर्ती तर त्याच्याही कितीतरी आधीची. ही माणसं लिव्हरलेसमुळे मोठी झालेली नाहीत. आधी मोठी झाली, मग रोज तासन्‌तास सराव करण्याच्या त्यांच्या धंद्यात जे हत्यार सोयीचं वाटलं ते त्यांनी उचललं. जुना हात मोडून नवा बसवायला लागणारा वेळ त्यांच्याकडे असतो, कारण तेच त्यांचं काम आहे.

टेकनकडे पाहिलं तर "सगळे" हा शब्द आणखीच लटका पडतो. कोरियाचा नी हा टेकनच्या इतिहासातल्या सर्वात यशस्वी खेळाडूंपैकी एक, आणि त्याची ओळखच लिव्हर. तोही कोरियन धाटणीचा: जपानी सान्वा कंपनीच्या लिव्हरमध्ये दांडा मध्यावर आणायला स्प्रिंग असते, कोरियन लिव्हरमध्ये ते काम रबर करतं. दांडा सटकन मध्यावर येतो. मागे, मागे, खाली-मागे असा सतत चालणारा कोरियन बॅकडॅश (झपाट्याने मागे सरकण्याची चाल) या लिव्हरवर वाढलेल्या खेळाडूंनीच घडवला. लिव्हरलेसवर तो लवकर जमतो, हेही खरं. म्हणून लिव्हरवर तो जमत नाही असं होत नाही.

"लिव्हरलेसमध्ये लॅग नसतो"

इथे दोन वेगळ्या गोष्टींची सरमिसळ झालीय. लॅग ठरतो आतल्या सर्किट बोर्डवर आणि त्याच्या फर्मवेअरवर (बोर्ड चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर). बाहेरून दांडा आहे की बटणं, याने त्यात काही फरक पडत नाही. तोच बोर्ड स्टिकमध्ये घाला नाहीतर लिव्हरलेसमध्ये, आकडा तोच येणार.

फरक पडतो तो बोटाच्या प्रवासात. लिव्हर मागून पुढे न्यायचा तर दांड्याला मधली जागा ओलांडावी लागते. लिव्हरलेसवर पुढच्या दिशेचं बोट आधीच बटणावर टेकलेलं असतं. हा फायदा खरा आहे, पण तो हात तयार झालेल्यालाच मिळतो. गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम (पडद्यावरचं एक चित्र) साधारण १६.७ मिलिसेकंदांची. नवख्याची गफलत दहा-पंधरा फ्रेमची असते, एका फ्रेमची नाही.

लॅग खरोखर घालवायचा असेल तर आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा. तो बंद असला की टीव्ही चित्र सजवण्यात इतका वेळ घालवतो की कंट्रोलर बदलून वाचणारे चार-दोन मिलिसेकंद त्यात कुठच्या कुठे जातात.

"दोन दिशा एकदम दाबायचा फायदा फुकट"

हा मुद्दा सर्वात जास्त फिरतो आणि सर्वात चुकीचा आहे, म्हणून जरा सविस्तर.

लिव्हर एका वेळी एकाच बाजूला झुकतो. लिव्हरलेसवर मात्र डावी आणि उजवी एकदम दाबता येते. मग गेमला काय कळवायचं? हे कंट्रोलरचं फर्मवेअर ठरवतं. समजा, "शेवटी दाबलेली दिशा खरी" असा नियम ठेवला. मग मागचं बटण धरून ठेवायचं, म्हणजे ब्लॉक (वार अडवणं) चालू, आणि वरून पुढचं बटण दाबायचं. पात्र लगेच पुढे जातं. ते बोट उचललं की त्याच क्षणी पुन्हा ब्लॉक. लिव्हरवाल्याला हे या वेगाने करणं अशक्य. स्ट्रीट फायटरमधल्या गाइलसारख्या, मागे धरून मग पुढे मारायच्या पात्राला तर हे घबाडच. खाली धरलेलं असताना वर दाबलं तर "वर" जिंकू देणं हाही तसाच प्रकार: बसून ब्लॉक करणारं बोट न उचलता अंगठ्याने थेट उडी.

पण हे आता स्पर्धेत चालत नाही. कॅपकॉम प्रो टूर या कॅपकॉमच्या स्पर्धामालिकेने २०२३ पासून नियम कडक केला. विरुद्ध दिशा एकदम आल्या तर दोहोंपैकी कुणालाही झुकतं माप मिळता कामा नये. त्यासाठी कंट्रोलर बनवणाऱ्यांनी फर्मवेअरही बदललं. आज नियमात बसणाऱ्या लिव्हरलेसवर मागे आणि पुढे एकदम दाबलं की पात्र नुसतं उभं राहतं. पुढे जात नाही, आणि ब्लॉकही करत नाही.

याचा नव्या माणसाला काय ताप होतो, ते कुणी लिहीत नाही. पॅडवरून आलेल्याला एक बोट उचलून मग दुसरं टेकवायची सवय नसते. तो मागचं बटण सोडायच्या आतच पुढचं दाबतो. ट्रेनिंग मोडमध्ये इनपुटची यादी चालू करून बघा: मागे, मग तीन-चार फ्रेम काहीच नाही, मग पुढे. त्या तीन-चार फ्रेममध्ये समोरच्याचा साधा लाइट पंच बसतो. म्हणजे जो फायदा फुकट मिळणार असं सांगितलं जातं, त्याच जागी पहिले काही आठवडे मार खावा लागतो.

जुन्या फर्मवेअरचा सेकंडहँड लिव्हरलेस स्वस्तात मिळत असेल तर ही सेटिंग आधी तपासा. स्पर्धेच्या टेबलावर कळलं, तर खेळायला हात मोकळे राहतील, पण कंट्रोलर राहणार नाही.

"चौकोनी गेट काढून अष्टकोनी बसवा"

गेट म्हणजे लिव्हरच्या तळाशी असलेली चौकट, दांडा कुठवर जाणार ते ठरवणारी. सान्वाच्या जेएलएफ लिव्हरला ती चौकोनी येते आणि बदलायला सोपी आहे. पण चौकोनाचे चार कोपरे म्हणजेच चार तिरप्या दिशा. खाली-मागे हा कोपरा, जिथे बसून ब्लॉक करताना निम्मा सामना जातो, चौकोनी गेटमध्ये न बघता सापडतो. अष्टकोनात आठही दिशांना खाचा असतात, त्यामुळे घाईत खाली-मागेच्या जागी नुसतं खाली लागायची शक्यता वाढते. गोल फिरवायची मूव्ह अडखळते म्हणून लोक गेटला दोष देतात, पण अडखळण्याचं कारण बहुधा दांडा कडेला घासत नेणं हे असतं. स्विच कडेच्या बराच आधी लागतो. मनगट सैल ठेवून छोटा घेर घेतला की चौकोनातही शोर्युकेन (उसळून मारायचा ठोसा) स्वच्छ निघतो. महिनाभर खेळूनही अडत असेल तर खुशाल बदला, गेट काही महाग नसतं.

"बटणं प्रो लावतात तशीच लावा"

प्रोचं पात्र वेगळं, हात वेगळा, कंट्रोलर वेगळा. बटण कुठे असावं, हे ते कधी लागतं यावरून ठरवा. स्ट्रीट फायटर ६ मधल्या ड्राइव्ह इम्पॅक्ट या जोरदार हल्ल्याचं उदाहरण घ्या; समोरच्याच्या इम्पॅक्टला आपल्या इम्पॅक्टने उत्तर देतात. तो सुरू होऊन लागायला २६ फ्रेम घेतो, म्हणजे ०.४३ सेकंद. त्यातला जवळपास पाव सेकंद नुसता डोळ्याला दिसून डोक्यात शिरायलाच जातो. उरलेल्या वेळात आपला इम्पॅक्ट निघायला हवा. त्यासाठी हेवी पंच आणि हेवी किक एकत्र दाबत बसलात, आणि त्याच वेळी उजवा हात दुसऱ्या कॉम्बोत गुंतलेला असला, तर उशीर ठरलेला. पॅडवर डाव्या हाताची तर्जनी सबंध सामन्यात जवळपास रिकामीच असते. इम्पॅक्ट एल१ वर ठेवला की ती कायम तयारीत राहते. स्टिकवर अशी रिकामी तर्जनी नसते, कारण डावा हात पूर्ण लिव्हरवर असतो. तिथे आठव्या बटणावर करंगळी हा मार्ग. लिव्हरलेसवर डाव्या हाताजवळची जादा बटणं कामी येतात. एकच गरज, तीन कंट्रोलरवर तीन जागा. प्रोचा फोटो बघून हे कळणार नाही.

मग लिव्हरलेस कुणी घ्यावा? ज्यांचं मनगट किंवा अंगठा लिव्हरने, पॅडने दुखतो त्यांनी आधी विचार करावा. टेकनमध्ये हालचालीवर मेहनत घ्यायची तयारी असलेल्यांनीही. पण पैसे घालायच्या आधी पीसीवर स्टीमवरून स्ट्रीट फायटर ६ चा मोफत डेमो उतरवा आणि कीबोर्डवर ए, एस, डी या डावी, खाली, उजवी आणि स्पेसबार उडी, अशी मांडणी करा. ही हुबेहूब लिव्हरलेसची मांडणी आहे. स्वस्त कीबोर्डवर तीन-चार कळा एकदम दाबल्या की एखादी लागतच नाही, तेवढं लक्षात ठेवा. दोनेक आठवड्यांत हात रमला तर पुढे जा.

पुढे जातानाही किट्सुनेच घ्यायला हवा असं नाही. रास्पबेरी पाय पिको हा बोर्ड २०२१ मध्ये ४ डॉलरला आला, आणि त्यावर चालणारं जीपी२०४०-सीई हे फर्मवेअर मोफत आहे. त्यावर कीबोर्डचे स्विच जोडून हौशी मंडळी घरच्या घरी लिव्हरलेस बनवतात, विरुद्ध दिशांचा नियमही त्यातच निवडता येतो. पीसीवर असा कंट्रोलर बिनतक्रार चालतो. पीएस५ मात्र मान्यता नसलेला कंट्रोलर सहजी स्वीकारत नाही, तेव्हा तुम्ही कशावर खेळता ते आधी ठरवा, मग सोल्डरिंग गन हातात घ्या.