पंपाची मोटर भरता येते म्हणून स्टेपर मोटर खोलू नका

भंगारातल्या प्रिंटरमधून काढलेल्या स्टेपर मोटरींबद्दल (सलग न फिरता ठरावीक टप्प्यांनी फिरणाऱ्या मोटरी) एक सल्ला आपल्याकडे हातोहात फिरतो आहे: "मोटर ती मोटर. चार स्क्रू काढा, रोटर ओढून पेट्रोलने धुवा, सहा वायरींची असेल तर आतून भरून चार वायरींची करा, ताकद वाढते. बारा-चोवीस व्होल्टला काय भ्यायचं, चालू ठेवूनच वायरी अदलाबदल करून बघा. आणि हाताला चटका बसला की कॉइल गेली समजा." प्लॉटर (पेनाने रेघा काढणारं यंत्र) किंवा छोटी सीएनसी (संगणकाच्या सूचनांवर कापणारं-कोरणारं यंत्र) बनवू पाहणारी मुलं हे वाचून चांगल्या मोटरी खोलून बसतात, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

'मोटर ती मोटर' हे खान्देशात लगेच पटतं. रावेर-यावलच्या केळीच्या पट्ट्यात विहिरीतली मोटर जळाली की ती भरायला टाकायची, हे आपण लहानपणापासून बघतो, आणि त्या दुकानांतले हात खरोखर तयार असतात. पण पंपाच्या त्या मोटरीच्या रोटरमध्ये, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागात, चुंबक नसतो. पत्र्यांच्या थप्पीत तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या सळ्या असतात. तो महिनाभर बाकावर पडून राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही. नेमा १७, नेमा २३ (ही मोटरीच्या तोंडाच्या ठरलेल्या मापांची नावं) अशा हायब्रिड स्टेपरच्या रोटरच्या पोटात मात्र कायमचुंबक असतो. त्याच्या दोन टोकांना ५०-५० दात्यांची लोखंडी चाकं असतात, एकमेकांपासून अर्ध्या दात्याने सरकवलेली. त्यातूनच फेरीचे २०० टप्पे, म्हणजे टप्प्याला १.८ अंश मिळतात. हा चुंबक सहसा मोटर जोडून झाल्यावरच चुंबकित करतात, कारण भोवती स्टेटरचं, म्हणजे बाहेरच्या स्थिर भागाचं, लोखंड असताना चुंबकरेषांना सोपी वाट मिळते. रोटर ओढला की ती वाट तुटते. जुन्या अल्निको चुंबकाच्या मोटरी तेवढ्यानेच बरीच ताकद गमावतात आणि रोटर परत बसवून ती येत नाही. नव्या निओडिमियमच्या मोटरी जास्त तग धरतात, हे मान्य. पण रोटर-स्टेटरमधली फट कागदाच्या जाडीएवढी असते. ग्राइंडर चालतो त्या शेडमध्ये रोटर उघडा ठेवलात, तर लोखंडाचा चुरा दात्यांना चिकटतो आणि धुतल्यानेही सहजी सुटत नाही. पेट्रोल बेअरिंगमधलं ग्रीस तेवढं धुऊन नेतं.

सहा वायरींच्या मोटरीला तर हात लावायचीही गरज नाही. त्यात दोन कॉइल असतात, प्रत्येकीच्या मध्यातून एक वायर बाहेर आलेली. मल्टिमीटर ओहमवर ठेवा. टोक ते टोक जेवढा रोध दिसेल, त्याच्या निम्मा टोक ते मध्य दिसतो. मधली वायर टेप लावून सोडून द्या, टोकं ड्रायव्हरला (कॉइलना क्रमाने करंट देणाऱ्या सर्किटला) जोडा. झाली चार वायरींची मोटर. लेबलवरच्या करंटच्या ०.७ पट करंट दिला, तर तेवढ्याच उष्णतेत कमी वेगाला सुमारे ४० टक्के जास्त ताकद मिळते. वेगात मात्र इंडक्टन्स, म्हणजे करंट बदलायला कॉइल करते तो विरोध, आडवा येतो. मीटर नसेल तर सुट्या मोटरीच्या दोन वायरी एकमेकींना टेकवून शाफ्ट बोटांनी फिरवा. एकाच कॉइलच्या असतील तर शाफ्ट एकदम जड, खडखडत फिरतो. हे एकदा हाताने अनुभवलं की विसरत नाही.

आतला जोड तोडावाच लागतो तो पाच वायरींच्या मोटरीत. तिथेही रोटर जागेवरच राहतो. कडेला पुढचं झाकण, मधला स्टेटर आणि मागचं झाकण या तिन्ही भागांवर ओरखड्याची एक सरळ खूण करा, मोटर मागचं झाकण वर येईल अशी धरा, शाफ्ट पुढच्या बाजूने धरून ठेवा आणि फक्त मागचं झाकण उचला. बेअरिंगमागे बहुधा एक पातळ लहरी वॉशर असतो, तो हरवू नका. २८बीवायजे-४८ या छोट्या गिअरवाल्या मोटरीत तर निळं प्लॅस्टिकचं झाकण काढून, लाल वायर जिथे येते ती छोट्या पाटीवरची मधली रेघ ब्लेडने कापली की पुरे.

चालू असताना वायर काढू नका, व्होल्ट कितीही असोत. कॉइलमधला करंट अचानक तोडला की व्होल्टेज उसळतं आणि ए४९८८सारखा ड्रायव्हर त्याच क्षणी जातो. सप्लाय बंद करा, त्याचा दिवा विझू द्या, मग हात घाला.

राहिला चटका. स्टेपर जागच्या जागी उभी असतानाही पूर्ण करंट घेते, त्यामुळे तापणारच. बी वर्गाचं इन्सुलेशन १३० अंशांपर्यंतचं असतं. बाहेरून ७०-८० अंश हाताला असह्य वाटतात, मोटरीला नाही. कॉइल गेली की नाही हे मीटरला विचारा. दोन्ही कॉइलचा रोध सारखा आणि बॉडीशी जोड नाही, तर वाइंडिंग शाबूत आहे. तरी खोलीच ४४ अंशांवर असते त्या दिवसांत ड्रायव्हरचा करंट जरा उतरवा, आणि मोटरीचा ब्रॅकेट थ्रीडी प्रिंटरवर पीएलए या प्लॅस्टिकचा छापू नका. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो, बेल्टच्या ताणाने मोटर वाकते आणि दोष मोटरीवर येतो. तिथे अ‍ॅल्युमिनियमची एल-पट्टी लावा. ती मोटरीची उष्णताही ओढून घेते.