हलके पिस्तूल आणि वीस छर्‍यांचे मॅगझिन : एका फिरत्या संदेशाला उत्तर

सांगली, मिरज आणि कुपवाड परिसरातील पालकांच्या व्हॉट्सॲप गटांमधून सध्या एक संदेश फिरतो आहे. मुलाला किंवा मुलीला नेमबाजी शिकवायची असेल तर सुरुवातीलाच वजनाने हलके आणि जास्त छर्रे मावणारे पिस्तूल घ्यावे, असा त्याचा मथितार्थ आहे. कारणे चार दिली आहेत. हलके पिस्तूल हातात स्थिर राहते. मॅगझिन, म्हणजे छर्रे भरून ठेवायची पेटी, मोठे असले की सराव जास्त होतो. जगभरचे पोलीस आणि सैनिक असलीच पिस्तुले वापरतात. शिवाय ती स्वस्त पडतात, त्यामुळे सामन्यांसाठीच्या महागड्या पिस्तुलांवर पैसे घालवण्याचे कारण नाही. संदेश लिहिणार्‍याचा हेतू वाईट नसावा. परंतु गेल्या दोन महिन्यांत हा संदेश वाचून खरेदी केलेली तीन पिस्तुले मी रेंजवर पाहिली आणि तिन्ही वेळा मुलांच्या आधी पालकांची समजूत काढावी लागली. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पहिला मुद्दा वजनाचा, आणि सगळा गोंधळ तिथेच आहे. हलकी वस्तू धरणे सोपे असते हे खरे, पण ती स्थिर धरणे सोपे असते असे मुळीच नाही. हात पुढे ताणून धरला की खांदा, मनगट आणि बोटे यांचे स्नायू सतत बारीक कापत असतात, आणि ही थरथर कोणत्याही सरावाने पूर्णपणे जात नाही. हातातील वस्तूला थोडे वजन असेल, तर तिचे जडत्व या बारीक थरथरीला दाद देत नाही. वस्तू फारच हलकी असेल, तर प्रत्येक कंप थेट नळीच्या टोकापर्यंत पोचतो. म्हणूनच १० मीटर एअर पिस्तूलच्या नियमांत वजनाची कमाल मर्यादा १५०० ग्रॅम अशी घातलेली आहे, किमान मर्यादा मात्र घातलेली नाही. हलकेपणाने कुणाचा फायदा होईल अशी भीती नियम करणार्‍यांना वाटलेली नाही. प्रत्यक्षात सामन्यांत दिसणारी बहुतेक एअर पिस्तुले ९०० ग्रॅम ते एक किलोच्या आसपास असतात, म्हणजे साधारण एक लिटर दुधाच्या पिशवीएवढी.

याहून महत्त्वाची गोष्ट खटक्याची आहे, आणि संदेशात तिचा उल्लेखही नाही. १० मीटर एअर पिस्तूलमध्ये खटका ओढण्यासाठी किमान ५०० ग्रॅम भार लागला पाहिजे असा नियम आहे, आणि खेळाडू तो त्या मर्यादेच्या अगदी जवळ लावून घेतात. पिस्तुलाचे वजन ९५० ग्रॅम धरले, तर बोटाचा जोर पिस्तुलाच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास राहतो. आता संदेशात आदर्श म्हणून सांगितलेले ग्लॉक १७ हे सतरा गोळ्या मावणारे ९ मिलिमीटरचे पोलिसी पिस्तूल घेऊ. रिकाम्या मॅगझिनसह त्याचे वजन सुमारे ७०० ग्रॅम आणि खटका सुमारे अडीच किलोचा, म्हणजे बोटाचा जोर पिस्तुलाच्या वजनाच्या साडेतीन पट. एवढा जोर सरळ मागे, जराही आडवा न जाता लावणे अनुभवी माणसालाही जड जाते. नवशिक्या मुलाच्या हातात अशा पिस्तुलाचे तोंड खटक्याबरोबर खाली आणि बाजूला वळते, आणि मग आपली नजरच चुकली असे त्याला वाटत राहते.

मागच्या आठवड्यात मी असल्याच एका नव्या पिस्तुलावर, आत काहीही भरलेले नाही याची खात्री करून, पुढच्या माशीमागे (नेम धरण्यासाठी नळीच्या टोकावर असलेल्या उंचवट्यामागे) एक रुपयाचे नाणे आडवे ठेवले आणि तेरा वर्षांच्या एका मुलीला नुसता खटका ओढायला सांगितला. दहापैकी नऊ वेळा नाणे खाली पडले आणि दहाव्या वेळी तिने हसू दाबत ते दुसऱ्या हाताने अडवले. तिच्याच हातात रेंजवरचे जुने, मूठ झिजलेले सामन्याचे पिस्तूल दिले तेव्हा दहापैकी सात वेळा नाणे जागेवर राहिले. मुलगी तीच, मनगट तेच आणि दोन्हींमध्ये अंतर होते फक्त पाच मिनिटांचे.

हलक्या पिस्तुलाबरोबर आखूडपणाही बहुधा येतोच. नेम धरताना जिच्यातून माशी पाहायची ती मागची खाच आणि पुढची माशी यांतील अंतर सामन्याच्या एअर पिस्तुलात ३६ सेंटिमीटरपर्यंत असते, तर पट्ट्याला अडकवायच्या पिस्तुलात ते साडेसोळा सेंटिमीटरच्या आसपास असते. माशी खाचेच्या मध्यापासून ०.२ मिलिमीटर सरकली असे धरा, म्हणजे डोळ्याला जेमतेम कळेल एवढी चूक. १० मीटरवर लांब पिस्तुलाचा छर्रा या चुकीमुळे केंद्रापासून साडेपाच मिलिमीटर सरकेल, आखूड पिस्तुलाचा बारा मिलिमीटर. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर असतो आणि साडेचार मिलिमीटरचा छर्रा रेषेला नुसता शिवला तरी वरचा गुण मिळतो; म्हणजे केंद्रापासून आठ मिलिमीटरपर्यंत दहा आणि सोळापर्यंत नऊ. चूक एकच असली तरी एका पिस्तुलात तिचे दहा गुण होतात आणि दुसर्‍यात नऊ. सामना साठ फैरींचा असतो हे लक्षात घेतले की या एका गुणाची किंमत कळते.

हलक्या पिस्तुलाला झटकाही कमी बसतो, असे एक पोटवाक्य संदेशात आहे. हे तर सरळ उलटे आहे. ९ मिलिमीटरची आठ ग्रॅमची गोळी सेकंदाला ३५० मीटर वेगाने सुटली, तर दारूच्या वायूचा वाटा बाजूला ठेवला तरी ७०० ग्रॅमचे पिस्तूल सेकंदाला चार मीटर वेगाने मागे येते आणि १४०० ग्रॅमचे दोन मीटर वेगाने. वजन निम्मे झाले की झटक्याची ऊर्जा दुप्पट होते. एअर पिस्तुलात छर्रा अर्ध्या ग्रॅमचा असल्यामुळे झटक्याचा प्रश्न जवळजवळ उरतच नाही, पण मग त्या वाक्याला काही अर्थही उरत नाही.

दुसरा मुद्दा मॅगझिनचा. इथे नियमच इतके स्पष्ट आहेत की फार लिहिण्याची गरज नाही. १० मीटर एअर पिस्तूलमध्ये ७५ मिनिटांत ६० फैरी झाडायच्या असतात आणि प्रत्येक वेळी एकच छर्रा भरायचा असतो. ऑलिंपिकमधील सर्वांत वेगवान प्रकार म्हणजे २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल, ज्यात २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये विजय कुमार यांनी रौप्यपदक मिळवले. त्यात आठ, सहा आणि चार सेकंदांच्या मालिका असतात, पण मॅगझिनमध्ये गोळ्या पाचच. आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, त्यातही पाच-पाच गोळ्यांच्याच मालिका असतात. सतरा किंवा वीस हा आकडा या खेळात कुठेच नाही.

मॅगझिन मोठे म्हणजे सराव जास्त, हा तर्क वरवर पटतो. मी स्वतः शिकत असताना मलाही पाच मिनिटांत वीस छर्रे झाडले की काहीतरी केल्यासारखे वाटायचे, आणि त्या काळातले माझे कागद मी आजही कुणाला दाखवत नाही. छर्रा भरण्यासाठी हात खाली येतो तेव्हाच खांद्याला विश्रांती मिळते, श्वास जागेवर येतो आणि आधीची फैर कुठे गेली व का गेली याचा विचार होतो. ती अर्ध्या मिनिटाची सक्तीची विश्रांती सरावाचाच भाग आहे. मोठे मॅगझिन नेमकी तीच काढून घेते. दुसरे असे की गोळ्यांनाही वजन असते. ९ मिलिमीटरची एक गोळी काडतुसासह सुमारे १२ ग्रॅमची धरली, तर सतरा गोळ्यांचे दोनशे ग्रॅम होतात, आणि पहिल्या फैरीपासून शेवटच्या फैरीपर्यंत पिस्तुलाचा तोल तेवढा बदलत जातो. शिवाय दोन रांगांत गोळ्या बसवायच्या म्हणजे मूठ जाड करावी लागते, आणि लहान पंजाच्या मुलाचे बोट मग खटक्यावर नीट पोचत नाही.

तिसरा मुद्दा पोलीस आणि सैनिकांचा. सातारा-सांगलीच्या पट्ट्यात हा मुद्दा चटकन पटतो, कारण इथे घरटी नाही तरी गल्लीत एक माणूस फौजेत असतोच, आणि त्याच्या शब्दाला मान असतो. परंतु त्या माणसाच्या पिस्तुलाचे काम वेगळे आहे. ते दिवसभर कमरेला वागवायचे असते म्हणून हलके असते, आणि ऐन वेळी पुन्हा भरायला सवड मिळेलच असे नसते म्हणून त्यात गोळ्या जास्त असतात. कानपूरच्या आयुध निर्माणीने २०१४ मध्ये आणलेले ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर ५०० ग्रॅमचे आहे, कारण ते पर्समध्ये ठेवता यावे अशी कल्पना होती. नेम लावून साठ फैरी झाडण्यासाठी ते बनवलेलेच नाही. शिवाय सेवेतील पिस्तूल बहुधा दोन्ही हातांनी धरून चालवतात. ऑलिंपिकच्या पिस्तूल प्रकारांत ते एकाच हातात धरावे लागते आणि मनगटाला कसलाही आधार चालत नाही. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली तुर्कस्तानचा नेमबाज युसुफ दिकेच खिशात हात घालून उभा राहिलेला सगळ्यांनी पाहिला आणि साध्या सामानाने पदक मिळते असा निष्कर्ष काढला. त्याचा चष्मा साधा होता हे खरे, पण त्याच्या हातातले पिस्तूल एकेक छर्रा भरायचे सामन्याचेच होते. राहिली गोष्ट ९ मिलिमीटरची, तर तो बोअर (नळीचा आतला व्यास) आपल्याकडे प्रतिबंधित आहे आणि सामान्य परवान्यावर मिळत नाही. परदेशी व्हिडिओंतील सल्ला इथे आणण्यापूर्वी एवढे तरी पाहायला हवे होते.

आता किमतीचा मुद्दा, ज्यात तथ्य आहे. सामन्याचे परदेशी एअर पिस्तूल लाखाच्या पुढे जाते आणि ते सगळ्यांना परवडत नाही. पण संदेश वाचून लोक जे घेतात ते काय असते? शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे ०.१७७ इंच बोअरच्या आणि २० जूलपर्यंत ऊर्जेच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, म्हणून ऑनलाइन मागवलेले ते बहुधा कार्बन डायऑक्साइडच्या १२ ग्रॅमच्या कुपीवर चालणारे, वीस पोलादी छर्रे मावणारे, दिसायला हुबेहूब पोलिसी पिस्तूल असते. त्याच्या नळीत आटे (आतल्या वळणदार खाचा) नसतात, त्यामुळे छर्‍याला फिरकी मिळत नाही आणि दहा मीटरवर तो कुठेही जातो. भराभर फैरी झाडल्या की वायू थंड होतो, दाब उतरतो आणि विसावा छर्रा पहिल्यापेक्षा हळू जातो. सामन्याचा शिशाचा छर्रा सपाट तोंडाचा असतो आणि कागदात स्वच्छ भोक पाडतो, पोलादी गोल छर्रा कागद फाडतो. याहून गंभीर म्हणजे पोलादी छर्रा भिंतीवरून किंवा लोखंडी पत्र्यावरून उसळून परत येतो. अंगणात असले पिस्तूल चालवताना डोळ्यांवर चष्मा नसेल तर ते कुणाच्याही हातात देऊ नये. असे पिस्तूल घेऊन १० मीटर एअर पिस्तूलच्या स्पर्धेत उतरता येत नाही, म्हणजे खर्च केलेले पैसे पहिल्या जिल्हा स्पर्धेच्या आधीच बुडालेले असतात. स्वस्त मार्ग हवा असेल तर पहिले सहा महिने काहीच विकत घेऊ नये आणि रेंजवरचे पिस्तूल वापरावे.

वजनाबद्दलची एक शंका मात्र खरी आहे आणि ती मी टाळणार नाही. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला एक किलोचे पिस्तूल तासभर उचलणे झेपत नाही, आणि जबरदस्ती केली तर खांदा दुखावतो. यावर उपाय आहेत. सामन्याच्या पिस्तुलांच्या आखूड आणि थोड्या हलक्या आवृत्त्या मिळतात. अनेक पिस्तुलांना नळीखाली काढता-घालता येणारी छोटी वजने असतात, ती आधी काढून ठेवावीत. आणि फैरींची संख्या वीस-तीसवरच थांबवावी. तसेच धावत-पळत, जागा बदलत गोळीबार करण्याचे जे वेगळे क्रीडाप्रकार आहेत, त्यांत मोठ्या मॅगझिनचा खरोखर उपयोग होतो. संदेशात तेवढेच म्हटले असते तर हे लिहिण्याची वेळ आली नसती.

पिस्तूल निवडताना मी वजनाच्या आधी मूठ पाहतो. मिरजेत सतारीचा दांडा घासणारा कारागीर लाकूड कुठे खायचे आणि कुठे राखायचे हे हात फिरवून ठरवतो, तसेच इथेही आहे. लाकडी मूठ तळव्याला जिथे टोचते तिथे घासावी लागते आणि जिथे पोकळी राहते तिथे लांबी (पुट्टी) भरावी लागते. मग मुलाला रिकामे पिस्तूल धरून लक्ष्याकडे तोंड करून उभे करायचे, डोळे मिटायला सांगायचे, हात उचलू द्यायचा आणि डोळे उघडायला लावायचे. डोळे उघडल्यावर माशी मागच्या खाचेच्या मध्याजवळ, वरची कड तिच्या बरोबरीत, अशी आपोआप दिसत असेल तर ती मूठ त्या हाताची आहे. माशी सतत एकाच बाजूला दिसत असेल, तर मूठ घासून पाहावी, आणि तरीही जमले नाही तर दुसरे पिस्तूल हातात द्यावे.