आधी पैसे, मग पामतेल

क्वालालंपूरच्या इस्लामी बँकेत पर्सनल फायनान्सचे प्रमुख झालात? अभिनंदन. पहिल्याच दिवशी भिंतीवर तीन पाट्या लावून घ्या: अमाना, इहसान, इत्कान. विश्वस्तपणा, उत्तमाचा ध्यास आणि चोख काम. अक्षरं सोनेरीच हवीत. पाट्यांच्या खाली व्हाइटबोर्ड टांगा आणि त्यावर आजच्या कर्जवाटपाचा आकडा. कर्मचारी वर बघतात की खाली, हे आठवडाभरात कळेलच. तुम्ही मात्र बोट वरच दाखवायचं.

मग धंदा समजून घ्या. नाही घेतलात तरी बढती अडत नाही म्हणा. इथे व्याज चालत नाही, म्हणून तवर्रुक. समजा, ग्राहकाला ५०,००० रिंगिट हवेत. तो आधी सही करून बँकेला आपला एजंट नेमतो. बँक एका व्यापाऱ्याकडून ५०,००० चं कच्चं पामतेल रोखीने घेते, ते ग्राहकाला ६२,५०० ला पाच वर्षांच्या उधारीवर विकते, मग ग्राहकाच्या वतीने तेच तेल बाजारात ५०,००० ला रोखीने विकून रक्कम त्याच्या खात्यात जमा करते. हप्ता महिन्याला साधारण १,०४२ रिंगिट. बुर्सा सूक अल-सिला या व्यासपीठावर हे सगळं संगणकातच उरकतं, तेलाचा थेंब कुणाच्या बोटाला लागत नाही. हे व्यासपीठ २००९ साली सुरू झालं. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने (फिक्ह म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचे कायदे) असा आखून केलेला तवर्रुक अमान्य ठरवला, मलेशियात मात्र तो मान्य आहे. मीटिंगमध्ये हा विषय काढू नका, जेवण थंड होतं.

आता मुद्द्याचं. मधले साडेबारा हजार हा नफा की व्याज, हे बरंचसं क्रमावर ठरतं. जे आपल्या मालकीचं नाही ते विकता येत नाही. म्हणजे बँकेची खरेदी आधी, ग्राहकाला विक्री नंतर, पैसे सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीवर वेळ नोंदली जाते. तेव्हा तुम्ही क्रम सोडून वेग मोजायला घ्या. अप्रेझलमध्ये ‘अर्ज आल्यापासून किती तासांत पैसे दिले’ याला ७० टक्के वजन ठेवा. शरियाला ५ टक्के पुरेत, तेही ‘प्रशिक्षणाला हजेरी’ या रकान्यात.

महिनाअखेर दुपारी साडेचारला स्वतःच्या केबिनमधून बाहेर पडू नका. उंटावरून शेळ्या हाकायला उंट अरबस्तानातलाच लागतो असं नाही. बाहेर अठरा फाइली पडून असतील. एकीत एजंट नेमल्याची सहीच नसेल. सिस्टिम रडत असेल. तेवढ्यात एखादा हुशार मुलगा ४:३५ ला ग्राहकाला पैसे देऊन टाकेल आणि तेल दुसऱ्या दिवशी सकाळी १०:१० ला घेईल. वरातीमागून घोडं, फक्त या घोड्याच्या पाठीवर वेळ छापलेली असते.

शेजारच्या टेबलावरच्या मुलीने सही नाही म्हणून फाइल अडवून ठेवली असेल. तिचं नाव लिहून घ्या. अप्रेझलला तिच्यापुढे ‘टीम प्लेअर नाही’ असा शेरा मारायचाय.

शरिया ऑडिटला ती वेळ सापडतेच, कारण ते लोक आधी तेवढंच बघतात. घाबरू नका. २०१३ च्या इस्लामी वित्तसेवा कायद्याचं कलम २८, म्हणजे शरिया पाळण्याचं कलम, मोडलं तर आठ वर्षांपर्यंत कैद किंवा अडीच कोटी रिंगिटपर्यंत दंड किंवा दोन्ही, हे वाक्य मुलांना मोठ्याने वाचून दाखवा. मग नियत या विषयावर वीस मिनिटं बोला. व्हाइटबोर्डाचा उल्लेख टाळा. कायद्याने बँक नेगाराला, म्हणजे मलेशियाच्या मध्यवर्ती बँकेला, लगेच कळवावं लागतं आणि ३० दिवसांत दुरुस्तीचा आराखडा द्यावा लागतो. त्यात ‘पुनर्प्रशिक्षण’ लिहा. पोट दुखो की दाढ, या गोळीने कुणाचं वाईट झालेलं नाही. बरंही झालेलं नाही. अप्रेझलच्या ७० टक्क्यांना हात लावायचा नाही.

बँकेच्या शरिया समितीत किमान पाच जण असतात, त्यातले बहुतेक शरियाचे जाणकार. त्यांना कागदपत्रं बैठकीच्या आदल्या रात्री पाठवा. सकाळी ‘काही शंका?’ असं नम्रपणे विचारा आणि लगेच चहा मागवा.

तरीही समितीने तो नफा अशुद्ध ठरवलाच, तर रक्कम दानधर्माला जाईल. अशा पैशातून बँकेने स्वतःचा फायदा करून घ्यायचा नसतो, नावलौकिकाचाही नाही. म्हणून चेक जरा मोठा छापा, चार फूट तरी. एका टोकाला तुम्ही, दुसऱ्या टोकाला तो ४:३५ वाला मुलगा. या महिन्याचा सर्वोत्तम कर्मचारी तोच आहे. फोटोग्राफरला बजावून सांगा, मागच्या तिन्ही पाट्या फोटोत आल्या पाहिजेत. व्हाइटबोर्ड तेवढा कापा.