ऑलिम्पिकमधलं खरं फुटबॉल महिलांचं आहे

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये महिला फुटबॉलचे १६ संघ असतील आणि पुरुषांचे १२, असं आयओसीने (आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने) एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलं. तेव्हापासून ओळखीतल्या फुटबॉलवेड्यांची एक कुरकुर कानावर येतेय: "आता इथेही कोटा!" २०२४ च्या पॅरिसपर्यंत हाच हिशोब बरोबर उलटा होता, पुरुष १६ आणि महिला १२. तेव्हा तो कोटा कुणाला दिसला नव्हता. असो. समानता वगैरे घटकाभर बाजूला ठेवू आणि निव्वळ फुटबॉलबद्दल बोलू. माझ्या मते निव्वळ फुटबॉलच्या दृष्टीनेही हा निर्णय योग्य आहे, आणि झालाच तर उशिरा झालाय.

कारण साधं आहे. ऑलिम्पिकमधली पुरुषांची स्पर्धा ही २३ वर्षांखालच्या मुलांची स्पर्धा आहे. प्रत्येक संघात त्याहून मोठे फक्त तीन खेळाडू चालतात. महिलांच्या स्पर्धेला अशी अट कधीच नव्हती. १९९६ च्या अटलांटापासून प्रत्येक देश आपला मुख्य संघ उतरवतो. म्हणजे एकाच ऑलिम्पिकमध्ये एकीकडे जगातल्या सर्वोत्तम खेळाडू आणि दुसरीकडे उद्याचे खेळाडू, अशी विभागणी आहे. आणि आजवर जास्त जागा कुणाला होत्या? उद्याच्या खेळाडूंना!

हे असं का झालं, त्याचा इतिहास मजेशीर आहे. १९२४ आणि १९२८ मध्ये ऑलिम्पिकचं फुटबॉल म्हणजेच जगज्जेतेपद होतं. दोन्ही वेळा उरुग्वे जिंकला, आणि त्या दोन विजयांचे तारे त्यांच्या जर्सीवर आजही आहेत. वर्ल्डकप दोनदा जिंकला, तारे मात्र चार. १९३० मध्ये फिफाने, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेने, स्वतःचा वर्ल्डकप सुरू केला आणि १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये तर फुटबॉल नव्हतंच. पुढे 'हौशी खेळाडूच हवेत' या नियमाचा असा काही फायदा उठवला गेला की १९५२ ते १९८० ही आठच्या आठ सुवर्णपदकं युरोपातल्या समाजवादी देशांनी नेली. तिथले खेळाडू कागदोपत्री सैनिक नाहीतर कामगार, आणि दिवसभर काम एकच, फुटबॉल! (आपण १९५६ च्या मेलबर्नमधल्या भारताच्या चौथ्या क्रमांकाची आणि नेव्हिल डिसूझाच्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या हॅटट्रिकची आठवण अभिमानाने काढतो, आणि काढावीच. पण ती स्पर्धाही याच हौशी काळातली होती, हे सहसा कुणी सांगत नाही.) १९८४ मध्ये व्यावसायिकांना दार उघडलं, पण वर्ल्डकप खेळलेले युरोप आणि दक्षिण अमेरिकेचे खेळाडू बाहेरच. १९९२ पासून वयाची अट, १९९६ पासून ते तीन थोरले. या सगळ्या खटाटोपामागे फिफाची एकच काळजी: आपल्या वर्ल्डकपला स्पर्धक उभा राहू नये.

त्यात क्लब. पुरुषांच्या ऑलिम्पिकसाठी खेळाडू सोडणं क्लबना बंधनकारक नाही. २००८ मध्ये हे प्रकरण थेट क्रीडा लवादापर्यंत गेलं, आणि मेस्सीला बीजिंगला पाठवायची सक्ती बार्सिलोनावर करता येणार नाही, असा निकाल लागला. शेवटी क्लबनेच मन मोठं केलं म्हणून तो खेळला आणि अर्जेंटिना सुवर्णपदक घेऊन आली. २०२४ मध्ये पॅरिस, म्हणजे फ्रान्सचा स्टार एम्बाप्पेचं स्वतःचं शहर. तरी त्याच्या क्लबने, रिआल माद्रिदने, सोडलं नाही, त्यामुळे तो नव्हताच. महिलांच्या बाबतीत ऑलिम्पिक फिफाच्या अधिकृत वेळापत्रकात आहे, त्यामुळे क्लबला नाही म्हणायची सोय नाही.

पुरुषांची स्पर्धा भिकार असते असं मी म्हणत नाही. १९९६ ची उपांत्य फेरी आठवा. रोनाल्डो, रिव्हाल्डो, बेबेतोचा ब्राझील ३-१ ने पुढे, आणि तिथून नायजेरियाने ४-३ असा सामना काढला. कानूचा गोल्डन गोल, म्हणजे जादा वेळेतला पहिला गोल, की सामना तिथेच संपला. मग अंतिम सामन्यात अर्जेंटिनाला ३-२. मोठ्या वर्ल्डकपमध्ये आफ्रिकी संघाला अजून जे जमलेलं नाही ते तिथे झालं, आणि चारच वर्षांनी कॅमेरूनने पुन्हा करून दाखवलं. हे सगळं मला आवडतं. फक्त त्याला जगातलं सर्वोत्तम फुटबॉल म्हणू नका.

ते बघायचं असेल तर २०१२ ची कॅनडा-अमेरिका उपांत्य लढत बघा, ओल्ड ट्रॅफर्डवरची. कॅनडाच्या क्रिस्टीन सिंक्लेअरने एकटीने तीन गोल केले. तीनदा कॅनडा पुढे, तीनदा अमेरिकेची बरोबरी. अमेरिकेच्या रपीनोचा एक गोल तर थेट कॉर्नरवरून. कॅनडा ३-२ ने पुढे असताना, शेवटच्या दहा-बारा मिनिटांत, रेफ्रीने कॅनडाची गोलकीपर मॅक्लाउडला चेंडू सहा सेकंदांपेक्षा जास्त हातात ठेवला म्हणून पकडलं. हा नियम पुस्तकात होता, मैदानात तो लावताना क्वचितच कुणी पाहिलं असेल. इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल करता येत नाही), चेंडू कॅनडाच्या खेळाडूच्या हाताला, पेनल्टी, अमेरिकेच्या वॅमबाकचा गोल. जादा वेळ संपता संपता, १२३ व्या मिनिटाला अमेरिकेच्या अ‍ॅलेक्स मॉर्गनचा हेडर. ४-३. हॅटट्रिक करून हरलेली सिंक्लेअर नऊ वर्षांनी टोकियोत सुवर्णपदक घेऊन गेली, तेव्हा मला काय वाटलं ते इथे लिहीत बसत नाही. आणि ब्राझीलची फोर्मिगा! १९९६ ते टोकियो, सलग सात ऑलिम्पिक. पुरुषांच्या स्पर्धेत आज असं करणं जवळजवळ अशक्यच, वय आडवं येतं.

आता १२ संघ कमी का होते ते बघा. २०२२ चा युरो, म्हणजे युरोपची अजिंक्यपद स्पर्धा, जिंकलेली आणि २०२३ च्या वर्ल्डकपची अंतिम फेरी खेळलेली इंग्लंडची टीम पॅरिसला नव्हती. यजमान फ्रान्स सोडून युरोपला दोनच जागा, त्याही नेशन्स लीग या युरोपीय देशांच्या स्पर्धेतून. डिसेंबर २०२३ मध्ये शेवटच्या साखळी सामन्यात इंग्लंडने स्कॉटलंडला ६-० ने धुतलं. त्याच रात्री तिकडे नेदरलँड्सने बेल्जियमविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये गोल मारून ४-० केलं, आणि इंग्लंड एका गोलाच्या फरकाने बाहेर! त्यात आणखी एक त्रांगडं. फुटबॉलमध्ये इंग्लंड-स्कॉटलंड वेगळे, ऑलिम्पिकमध्ये मात्र एकच ग्रेट ब्रिटन. म्हणजे इंग्लंड पात्र ठरलं असतं तर स्कॉटिश खेळाडूंनाही पॅरिसची संधी होती. त्या मुद्दाम हरतील की काय अशा शंका घेतल्या गेल्या, आणि त्या चिडल्या ते योग्यच होतं. लागोपाठ दोनदा रौप्य जिंकलेली स्वीडनही पॅरिसला नव्हती. इतके तगडे संघ घरी बसवून कसली ऑलिम्पिक स्पर्धा?

१२ संघांचा दुसरा घोटाळा साखळी फेरीत. चार-चारचे तीन गट, आणि पुढे आठ संघ न्यायचे. म्हणजे तीनपैकी दोन गटांतला तिसरा संघही आत. पॅरिसमध्ये ब्राझील जपानकडून हरली, स्पेनकडून हरली, तिची स्टार मार्ताला लाल कार्ड मिळालं, गटात तिसरी आली, आणि रौप्यपदक घेऊन गेली. फ्रान्स आणि स्पेनला बाद फेरीत हरवलं हे तिचं कर्तृत्व, मान्य. पण तीनपैकी दोन सामने हरून पुढे जाता येत असेल तर साखळी कशाला खेळायची? १६ संघ झाले की चार गट, प्रत्येकातले पहिले दोन पुढे, बाकीचे घरी. सरळ हिशोब.

एवढं कौतुक केल्यावर तक्रारही करतो. संघात खेळाडू फक्त १८. महिला वर्ल्डकपला २३ असतात. पॅरिसमध्ये अमेरिकेने २५ जुलै ते १० ऑगस्ट या काळात सहा सामने खेळले. त्यातले उपांत्यपूर्व आणि उपांत्य दोन्ही जादा वेळेत गेले. प्रशिक्षक एमा हेजने तरीही मुख्य अकरा जणींमध्ये फारसे बदल केले नाहीत. अंतिम सामना स्वॉनसनच्या गोलवर जिंकल्या खऱ्या, पण इतक्या थकलेल्या पायांनी खेळवणं हे आयोजकांचं कर्तृत्व नाही. गुडघ्याच्या लिगामेंटच्या दुखापतींनी महिला फुटबॉल आधीच बेजार आहे. संघ चार वाढवले, आता प्रत्येक संघात पाच जणी वाढवा. खेळाडूंच्या एकूण संख्येवर मर्यादा आहे हे कारण मला माहीत आहे, पण मग सामन्यांमधला वेळ तरी वाढवा.

पुरुषांच्या स्पर्धेचं मला विचाराल तर ते तीन थोरले काढून टाका आणि तिला उघडपणे २३ वर्षांखालची स्पर्धा म्हणा. नाव मोठं आणि लक्षण खोटं, हे तरी थांबेल. तिसऱ्या क्रमांकाने पुढे जायची सोय मात्र आता १२ संघांमुळे त्यांच्याकडे येणार. दोन सामने हरलेला संघ लॉस एंजेलिसमध्ये पुरुषांच्या अंतिम फेरीत पोचला, तर कुरकुर करायला मीही येईन.