साकुरा, उंदीरमारी आणि आईचा कढीपत्ता

रविवारी रात्री पावणेदहाला लेकीच्या मॉन्टेसरी शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडला की समजायचं, सोमवार गेला. "डिअर पॅरेंट्स, उद्यापासून आपला स्प्रिंग वीक. प्रत्येकाने चिठ्ठीत आलेल्या देशातलं वसंताचं काहीतरी खरं आणावं (प्लास्टिकची फुलं प्लीज नकोत), आणि जमल्यास एखादा जिवंत कीटक." यातलं 'जमल्यास' म्हणजे आणायचाच, एवढं मला जूनपासून कळलंय. आमच्या लेकीला, वय वर्षं सव्वाचार, जपान आलेला.

आता पुण्यात वसंत म्हणजे काय, तर स्वेटर माळ्यावर टाकणं आणि कूलर खाली उतरवणं यांच्या मधले आठ दिवस, त्यातही दुपारी ३६ डिग्री, आणि यांना हवाय साकुरा, म्हणजे जपानी चेरीचा बहर. वरच्या मजल्यावरच्या मुलाला इराण आला होता. त्यांच्या नवरोजला, म्हणजे नववर्षाला, सात वस्तू मांडतात, फारसीत सगळ्या 'स'वरनं, त्यात लसूण आला, सफरचंद आलं, व्हिनेगर आलं, म्हणजे त्याच्या आईने ओट्यावरनं हात फिरवला आणि दहा मिनिटांत अर्धं ताट तयार. वर ग्रुपवर फोटो. फोटोची काय गरज होती?

मी म्हणलं, सिंहगड रोडला पु. ल. देशपांडे उद्यान आहे की, ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं, तिथे बघू. बायको म्हणाली, "जा ना, तोड फूल, वॉचमन शिट्टी मारेल ती मात्र अस्सल पुणेरी असेल."

मग सोमवारी पहाटे सहाला लेकीला खांद्यावर घेऊन वेताळ टेकडी. आणि खरं सांगतो, वर पोचल्यावर जीव भांड्यात पडला, कारण गिरिपुष्प असा काही फुललेला की फांदीला पान एक नाही, नुसती गुलाबी-पांढरी फुलं, डोळे जरा बारीक केले की थेट क्योतो. मी तोडलं नाही हां, खाली पडलेल्या दोन डहाळ्या उचलल्या, तेवढ्यात पांढरे बूट घातलेले, हातात काठी असलेले एक आजोबा कुठूनसे उगवलेच. टेकडीवर तुम्ही वाकलात की एक आजोबा येतातच.

"काय नेताय?"

"साकुरा," मी म्हणलं. सकाळी सहाला खोटं बोलताना डोकं चालत नाही.

"अहो, ही उंदीरमारी! मेक्सिकोकडची. हिच्या बिया नि साल उंदरांना घालतात." इथून पुढे वीस मिनिटं देशी झाडं विरुद्ध परदेशी झाडं. लेक खांद्यावरनं सगळं ऐकत होती. एरवी दूध पी म्हणलेलं चार वेळा ऐकू येत नाही तिला.

कीटकाचा प्रश्न घरातच सुटला. गॅलरीतल्या आईच्या कढीपत्त्यावर लिंबाचं फुलपाखरू अंडी घालून जातं, अळ्या लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारख्या दिसतात म्हणून कुणाला कळत नाही, मोठ्या झाल्या की हिरव्यागार होतात आणि एका दिवसात फांदी साफ. आई रोज सकाळी चिमटा घेऊन त्यांच्या मागे. म्हणलं, आई, आज एक राहू दे, शाळेत न्यायचीये.

"फी भरून अळ्या दाखवतात?" आई म्हणाली. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. बोर्नव्हिटाच्या बरणीत चार पानं नि एक अळी घेतली, वर पातळ फडकं बांधलं.

शाळेत पालकांना अर्धा तास बसायची परवानगी होती, वीतभर उंचीच्या खुर्च्यांवर, गुडघे कानाला. मारिया मॉन्टेसरी बाई १९३९ला भारतात आल्या आणि महायुद्धामुळे इथेच अडकल्या, त्यातली काही वर्षं कोडाईकनालला होत्या, तिथल्या हवेत वसंत सुचणारच म्हणा. त्यांच्या पद्धतीत मूल सगळं स्वतःचं स्वतः करतं, मोठ्यांनी हात लावायचा नाही. पहाटे सहाला टेकडी कोण चढतं ते कुणी विचारत नाही.

लेकीने चटई उलगडली, जगाचा नकाशा मांडला. आशिया पिवळा, आफ्रिका हिरवा, युरोप लाल, प्रत्येक खंडाला ठरलेला रंग. मी डहाळी जपानवर ठेवायला पुढे झालो तर, "बाबा, चटईवर पाय! आणि हे माझं वर्क आहे."

ताई गुडघे टेकून बसल्या, हळूच विचारलं, "हे कुठलं फूल गं?"

मी तोंड उघडलं, पण उशीर झाला होता. "उंदीरमारी!" लेक खणखणीत आवाजात म्हणाली, "मेक्सिकोची." आणि पिवळ्या आशियावरनं डहाळी उचलून मेक्सिको कुठाय ते ताईंना विचारून केशरी उत्तर अमेरिकेवर ठेवली. जपान रिकामा. नवरोजवाली आई छताकडे बघून हसत होती.

अब्रू वाचवली ती अळीने. कुणीतरी काडीने डिवचलं तर तिने डोक्यामागनं दोन केशरी शिंगं बाहेर काढून असा काही वास सोडला की तीन पालक उठून दाराशी गेले, आणि पोरं, जी एरवी दबक्या आवाजात वर्क करतात, ती सगळी एका सुरात "परत! परत!"

शुक्रवारी ताईंनी बरणी हातात दिली. वीकेंडला अळी तुमच्याकडे.

शनिवारी आमटीत कढीपत्ता दिसेना. आईला विचारलं तर ती ताटात भात वाढत, माझ्याकडे न बघता म्हणाली, "चारच पानं उरलीयेत. तिला लागतील."