कुणाला सांगू नकोस हं

काडीवर दुसरी गुलाबी रेघ उमटली, पण इतकी पुसट की आम्ही दोघांनी ती आधी बाथरूमच्या बल्बखाली, मग खिडकीशी नेऊन आणि शेवटी मोबाइलच्या टॉर्चमध्ये तपासली.

डॉक्टरीणबाईंनी तारीख विचारली, कॅलेंडर पाहिलं आणि म्हणाल्या, "पाच आठवडे झाले." नवरा बोटं मोजायला लागला. पाच आठवड्यांपूर्वी तो ऑफिसच्या कामाने इंदूरला होता! बाईंना असे नवरे रोज भेटत असावेत. त्यांनी शांतपणे सांगितलं, की मोजणी शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून करतात. म्हणजे २८० दिवसांतले पहिले १४ दिवस पोटात कुणी नसतंच. शाळेत नाव घालायच्या आधीपासून हजेरी! नवऱ्याचा जीव भांड्यात पडला. मला फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मिळाल्या आणि घरी आल्यावर सासूबाईंची ताकीद: तीन महिने कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही.

माझी काही हरकत नव्हती. नाकाची होती. सहाव्या आठवड्यात ते पोलिसांच्या कुत्र्यासारखं चालायला लागलं. तळमजल्यावर फोडणीत हिंग पडला की तिसऱ्या मजल्यावर मी बेसिनपाशी. फ्रिज उघडायची सोय नाही. नवरा आंघोळ करून आला की मी गॅलरीत, कारण त्याचा चंदनाचा साबण. (तो साबण मीच आणलेला, हे त्याने एकदाही बोलून दाखवलं नाही. गुणी आहे.) याला 'मॉर्निंग सिकनेस' नाव देणारा माणूस दुपारी आणि रात्री घरी नसणार. बाई म्हणाल्या, जीडीएफ-१५ नावाच्या हार्मोनचा यात मोठा हात असतो. सासूबाई म्हणाल्या, रात्री दही खाल्लंस.

सोनोग्राफीबद्दल थोडक्यात सांगते. एरवी दर अर्ध्या तासाला बाथरूम गाठणाऱ्या बाईला लिटरभर पाणी पाजून, 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही' या पाटीसमोर पाऊण तास बसवतात. मला ती पाटी अजून पाठ आहे.

एवढं सोसून गुपित मात्र राखलं. मग एका सकाळी लोकलच्या लेडीज डब्यात, दिवा स्टेशन सोडल्या सोडल्या, कुणीतरी लसणीच्या चटणीचा डबा उघडला. मी रुमाल तोंडावर घट्ट धरला. चौथ्या सीटवरच्या काकू उठल्या.

"बस. कितवा?"

"नाही हो, ॲसिडिटी आहे."

"हो ना, मलाही दोनदा झाली होती. थोरली ॲसिडिटी आता बारावीला आहे."

ठाणं येईपर्यंत माझ्या हातात आलेपाकाची वडी होती, खिडकीची सीट होती, पपई खायची नाही हे चौघींनी बजावलं होतं, आणि दोन डॉक्टरांचे नंबर मिळाले होते. उतरताना काकू कानाशी आल्या.

"हे बघ, तीन महिने कुणाला सांगू नकोस हं."